नागोजीरावांचा अडसर

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या स्टँडपलीकडे तुंगाबाईंचं टेबल होतं. वर पाटी होती, ‘पेटंट आणि ट्रेडमार्कची माहिती : शोधायला मदत’. पाटी कन्नडमध्ये होती, इंग्रजीतही होती, आणि तरी दिवसातून चार माणसं तिथे येऊन टॉयलेट कुठे आहे हेच विचारत. तुंगाबाई मान वर न करता हाताने दिशा दाखवत.

पण कुणी खरं काम घेऊन आलं की बाई खुलत. मेटगळ्ळीतल्या वर्कशॉपचा एखादा मालक, बेळगोळच्या कारखान्यात नोकरी करून घरी काहीतरी खटपट करत बसणारा एखादा फिटर, एखादी लोणचीवाली. ‘हे मी काढलंय, आधी कुणी काढलंय का?’ एवढंच त्यांना हवं असे. बाई त्यांना शेजारी खुर्ची देत, कीबोर्ड त्यांच्याच पुढे सरकवत आणि शोधायचं कसं ते शिकवत. शब्द बदलून कसे बघायचे, वस्तूच्या वर्गाचा आकडा कसा लावायचा, सापडलेल्या कागदावर तारीख कुठे असते, सगळं. अठ्ठावीस वर्षं पुस्तकं शोधून देण्यात जे सुख मिळालं नव्हतं, ते त्यांना या पडद्यावर मिळत होतं. आपण शोधण्यात हुशार आहोत याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट त्या घेत नसत.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी आली. तेव्हा बाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या. फोन ठेवेपर्यंत मुलगी थांबली आणि मग हसून म्हणाली, “अय्यो, तुम्ही मराठी का? आम्ही पण. म्हणजे घरी बोलतो. मला स्वल्प स्वल्पच येतं, हसू नका हं मॅडम.”

तिचं नाव स्पंदना. लष्कर मोहल्ल्यात घर. आईच्या पद्धतीची वांगीभाताची पुडी, म्हणजे मसाला, करून ती दुकानांना द्यायची, आता तिला पाकिटावर नाव छापायचं होतं. नाव ठरलं होतं, ‘नागोजी’.

“नागोजी कोण?”

“आमचे अप्पा. नागोजीराव. ते बेडा बेडा म्हणत होते, माझं नाव नको म्हणून. मी ऐकलंच नाही. आता सुम्ने, गप्प बसलेत.”

हे नाव बाईंनी कधीतरी ऐकलं होतं. कुठे ते आठवेना. त्यांनी नेहमीप्रमाणे कीबोर्ड मुलीपुढे सरकवला. स्पंदना डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप करू लागली. उजवा हात ओढणीत होता. तुंगाबाईंच्या अंगात मास्तरकी मुरलेली. त्या म्हणाल्या, “दोन्ही हात चालव ग, अशाने संध्याकाळ होईल.”

मुलीने उजवा हात ओढणीतून काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती.

“सॉरी,” तुंगाबाई म्हणाल्या. त्यांना लाज वाटली.

“अय्यो, पर्वा नाही. चार वर्षं झाली. डाय-पंचिंगचं मशीन आहे आमचं, अगरबत्तीचे बॉक्स कापतात ना, ते. आमची मंजू म्हणून बाई आहे, ती पुठ्ठा लावते. त्या दिवशी ती आली नव्हती, मी लावत होते.” आणि मग दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तशी ती पुढे म्हणाली, “आधी अप्पांनी एक अडसर केला होता त्याला. सायकलचा ब्रेक असतो ना, त्याची वायर लावून. हात आत असला की मशीन मिटायचंच नाही. पण तो दुसऱ्याचा निघाला. जर्मनीत कुणाचं तरी पेटंट होतं. अप्पांनी लायब्ररीत येऊन विचारलं होतं. इथेच. मॅडमनी सांगितलं, दुसऱ्याचं आहे, वापरता येणार नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी काढून टाकला. अप्पा तसेच आहेत, दुसऱ्याचं म्हटलं की हात लावणार नाहीत.”

तुंगाबाईंना नागोजीराव आठवले. सगळेच्या सगळे आठवले.

“तुम्ही होता का तेव्हा इथे? सहा वर्षं झाली असतील.”

“नाही,” तुंगाबाई म्हणाल्या, “मी नंतर आले.”

इतक्या सहज खोटं बोलता येतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. वर त्यांनी घसा खाकरून कामाला सुरुवातही केली. नाव शोधलं, नावासारखं ऐकू येणारं शोधलं. मसाल्यांच्या वर्गात काहीच नव्हतं. कापडाच्या वर्गात एक ‘नागोजी’ निघाला, जुना, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं की नोंद काढून टाकली आहे.

“म्हणजे आहे की नाही?” स्पंदनाने विचारलं.

“कागद आहे, हक्क नाही. मुदत वाढवलीच नाही त्यांनी. सापडलं म्हणजे लागू आहे असं नसतं ग. सापडल्यावर ते जिवंत आहे का, ते वेगळं बघावं लागतं.”

हे वाक्य त्या गेली पाच वर्षं प्रत्येकाला सांगत होत्या. सहा वर्षांपूर्वी एका माणसाला मात्र त्यांनी ते सांगितलं नव्हतं. उरलेलं काम त्यांनी कसं उरकलं ते त्यांनाच ठाऊक. मुलगी थँक्स म्हणून उठली. जाता जाता तुंगाबाईंनी विचारलं, “ते मशीन अजून चालतं?”

“चालतं की. पोट त्याच्यावरच आहे. आता मंजू लावते पुठ्ठा. रोज सहा-सात हजार बॉक्स.”

सहा वर्षांपूर्वी नागोजीराव आले होते ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत लोखंडी पाइपचा एक तुकडा, ब्रेकची वायर आणि एक स्प्रिंग. साठीचा माणूस, पण नुकतंच बाळ झालेल्या बापासारखा लाजत होता. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कापड रंगवायचं आणि छापायचं काम. प्रत्येक घराचा ठसा वेगळा, आणि दुसऱ्याच्या घराचा ठसा कुणी उचलायचा नाही. चुकून सारखा कोरला गेला तरी तो बंबात घालायचा, आणि छापलेलं कापड चार माणसांसमोर रंग जाईपर्यंत धुवायचं. आजोबांनी एकदा तसं धुतलं होतं म्हणे, दोन दिवस. नागोजीरावांनी हे सगळं सांगितलं आणि मग दोन गोष्टी विचारल्या. हे माझ्या नावावर होईल का? आणि नाही झालं, तर मी हे माझ्या मशीनवर वापरू शकतो का?

दोन प्रश्न वेगळे होते. तेव्हा बाई बंगळूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन नुकत्या आल्या होत्या. चाळीस मिनिटं त्यांनी शब्द उलटेपालटे केले, वर्ग लावले, आणि अखेर पडद्यावर हुबेहूब तसाच अडसर आला. वायर तशी, स्प्रिंग तशी, तारीख २००४, जर्मनी. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी टेबलावर टिचकी मारली. शोधणारीला सापडल्याचा आनंद, दुसरं काय. त्या आनंदात त्यांनी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं. “हे दुसऱ्याचं आहे, काका. तुम्हाला नाही वापरता येणार.” आणि पहिल्या पानाची प्रत छापून हातात दिली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं. दुसऱ्याचं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

स्पंदना गेल्यावर त्यांनी ते पाहिलं. तो शोध त्यांच्या खात्यात साठवलेला होता, तारीख-वेळेसकट. त्या अडसराचं पेटंट भारतात कधी मागितलंच गेलं नव्हतं, आणि पेटंटचा हक्क ज्या देशात घेतला त्या देशापुरताच असतो, हे तर आता बाई लोणचीवालीलाही समजावत. जर्मनीतसुद्धा मालक कंपनीने २००९ साली फी भरायची सोडली आणि हक्क संपला. नागोजीराव पिशवी घेऊन आले त्याच्या दहा वर्षं आधी तो अडसर जगात सगळ्यांना मोकळा होता. एक टिचकी आणखी मारली असती, शेजारच्या रकान्यावर, तर हे दिसलं असतं.

त्या दिवसापासून बाईंच्या पाठीमागे काहीतरी लागलं. खालच्या मजल्यावर पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत, तो आवाज त्यांना वर्षानुवर्षं ऐकूही येत नव्हता. आता तो प्रत्येक वेळी ऐकू येई आणि दर ठोक्याला त्या स्वतःची बोटं आवळून घेत. टेबलापाशी कुणी येऊन बसलं, की त्यांची नजर आधी हातांवर जाई. दहा आहेत ना, हे पाहिल्याशिवाय त्यांना समोरच्याचं बोलणं समजत नसे. शोधाच्या चौकटीत पहिलं अक्षर टाकलं की पडदा आपणहून जुने शब्द पुढे करी, हात, मशीन, अडसर. त्यांनी तो साठवलेला शोध पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांसाठी पाण्याचा पंप शोधायला बसल्या, आणि मधेच ते गृहस्थ म्हणाले, “मॅडम, हे काय लिहिताय?” चौकटीत तेच शब्द होते. बाईंच्या बोटांनी ते आपणहून टाइप केले होते.

घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा म्हणाला असता, तुझा पगार माहिती शोधून द्यायचा आहे, सल्ला द्यायचा नाही, त्याने ऐकलं तो त्याचा प्रश्न. हे त्यांनी स्वतःलाही सांगून पाहिलं. ऑफिसच्या नियमात ते बसतही होतं. पण मंजू नावाची कुणी बाई रोज सात हजार वेळा त्या मशीनमध्ये हात घालत होती आणि काढत होती. तिसऱ्या आठवड्यात, शिकवता शिकवता, तुंगाबाईंना पडद्यावर एकदम दिसलं की आज तो हात बाहेर आला नाही. तसं काही झालेलं नव्हतं, पण त्यांना भीती वाटली ती खरी होती. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि लष्कर मोहल्ल्याला जाणारी रिक्षा धरली.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. टायरवाला, कुलूपवाला, मग पुठ्ठ्यांच्या थप्प्यांनी भरलेली एक पडवी. मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दोन लोखंडी पाट पुस्तकासारखे उघडत आणि मिटत, आणि उघडल्या क्षणात एक किरकोळ बाई कापलेला पुठ्ठा ओढून नवा सरकवत होती. ती आपल्या हाताकडे बघतसुद्धा नव्हती, पलीकडे कुणाशी तरी बोलत होती. तुंगाबाईंनी दाराची चौकट धरली.

“मॅडम? तुम्ही इथे?” स्पंदना आतून आली. हात मसाल्याने पिवळे झाले होते.

“तुझ्याशी बोलायचंय. बाहेर ये.”

टायरवाल्याच्या दुकानापुढे उभं राहून तुंगाबाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी घोकून आणलं होतं, पण क्रम चुकला. आधी २००९ सांगितलं, मग भारत, मग टिचकी, आणि सगळ्यात शेवटी, “ती मॅडम मीच. मी तुला खोटं सांगितलं.”

मुलगी ओढणीच्या टोकाने एकेक बोट पुसत राहिली. होती तेवढी.

“म्हणजे ते कुणाचंच नव्हतं.”

“नाही.”

“अप्पांनी काढलं त्या दिवशी पण नव्हतं?”

“नव्हतं. मी त्यांना आत्ता सांगणार आहे. अडसर आजच्या आज लावायला हवा. आणि माझी चूक, ती पण सांगणार आहे. लेखी देते.”

“बेडा,” स्पंदना म्हणाली. मग मराठी शब्द शोधत सावकाश बोलली. “तुम्हाला ठाऊक नाही, मॅडम. माझी बोटं गेली तेव्हा अप्पा एक महिना जेवले नाहीत नीट. मग त्यांनीच स्वतःला समजावलं. दुसऱ्याची वस्तू होती, आपण परत केली, बरोबरच केलं. वाईट झालं ते नशिबाने झालं, आपल्या हातून पाप नाही झालं. त्याच्यावर ते झोपतात. ते काढून घेतलंत, तर त्यांच्याकडे काय राहील? पोरीची बोटं फुकट गेली, एवढंच ना?”

“पण खरं काय ते त्यांना कळायला नको?”

“मला कळलं ना. बोटं माझी होती. मला सांगितलंत, आता पुरे.” तिचा आवाज जराही चढला नव्हता. “त्यांच्याकडे तुम्ही दिलेला कागद आहे. त्याच्यावर तारीख आहे ना? पेटंट किती वर्षं असतं?”

तुंगाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी एकदाच टेबलाशी बसली होती, पण शिकवलेलं तिने बरोबर उचललं होतं. कागदावर तारीख होती २००४. पेटंट वीस वर्षांचं. जाणकार माणसानेही तो कागद पाहिला असता तरी म्हटलं असतं, गेल्या वर्षी मुदत संपली.

“आता मोकळं झालं म्हणून सांगा. तेव्हा नव्हतं म्हणून सांगा. तेवढं करा आमच्यासाठी.”

तुंगाबाईंना त्या क्षणी काय वाटलं, ते त्यांनी पुढे कधीच स्वतःशी नाकारलं नाही. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मुलीने मागितलेली दया त्यांच्याही सोयीची होती. आपली अब्रू वाचते आहे हे त्यांना आधी कळलं आणि म्हातारा वाचतो आहे हे नंतर.

नागोजीरावांनी त्यांना बघताक्षणी ओळखलं. “लायब्ररीच्या बाई,” म्हणत ते उठले, स्टूल पुसलं, कॉफी सांगितली. माणूस वाळला होता, पण डोळे तसेच लाजरे. तुंगाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, “काका, तो कागद आहे का हो तुमच्याकडे? मी दिलेला?”

कागद देवाच्या फोटोमागे प्लास्टिकच्या पिशवीत होता. तुंगाबाईंनी तारखेवर बोट ठेवलं.

“हे बघा, दोन हजार चार. वीस वर्षांची मुदत असते. गेल्या वर्षी संपली. आता हे कुणीही वापरावं, जगात कुणी अडवणार नाही. आजच लावा.”

“म्हणजे मी आलो तेव्हा मुदत होती अजून?”

स्पंदना भिंतीला टेकून उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती.

“होती,” तुंगाबाई म्हणाल्या.

“पाच वर्षं?”

“पाच वर्षं.”

नागोजीरावांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग मुलीकडे वळले. “बघितलंस, पुट्टी, पोरी? मी सांगत नव्हतो? आपल्या गल्लीतलेच लोक म्हणत होते, नागोजी, कोण तो जर्मनीवाला बघायला येणार होता, काढलास कशाला. मी म्हटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, पाऊण तास बसून शोधलं माझ्यासाठी, एक पैसा घेतला नाही. त्या उगाच सांगतील का?” आणि त्यांनी तुंगाबाईंना दोन्ही हात जोडले. “तुमच्यामुळे माझ्या हातून चोरी झाली नाही, बाई. आमच्या घराण्यात ती कधी झाली नव्हती. हे मी विसरणार नाही.”

तुंगाबाईंनी कॉफी घेतली. घ्यावीच लागली. नागोजीरावांनी मंजूला मशीन बंद करायला सांगितलं आणि माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवून वायर शोधायला बसले. इतका वेळ चाललेला तो आवाज थांबला तेव्हा मंजू गोंधळून आपले रिकामे हात बघत उभी राहिली. आता हिला काही होणार नाही, असं तुंगाबाईंनी स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. स्पंदना त्यांना सोडायला दारापर्यंत आली नाही.

‘नागोजी वांगीभात पुडी’ दोन महिन्यांनी दुकानांत दिसू लागली. ट्रेडमार्कचा अर्ज स्पंदनाने बंगळूरच्या कुणाकडून तरी करून घेतला असं कळलं. ती वाचनालयात परत आली नाही.

दुसरी माणसं मात्र यायला लागली. आधी टायरवाल्याचा भाऊ आला, मग मेटगळ्ळीतून दोघे, मग बेळगोळचा एक फिटर, मग कुठकुठले. टॉयलेट विचारणाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या वाढली आणि वरिष्ठांनी बाईंचं कौतुक केलं. प्रत्येक जण पिशवी टेबलावर ठेवतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि जवळजवळ त्याच शब्दांत सुरुवात करतो. “लष्कर मोहल्ल्याच्या नागोजीरावांनी पाठवलंय, मॅडम. म्हणाले, त्या बाईंना विचार, त्यांचं कधी चुकत नाही.”

तुंगाबाई त्याला कीबोर्ड देत नाहीत आता, स्वतःच शोधतात. देश बघतात, फी बघतात, मुदत बघतात, कागदावर उतरवून घेतात आणि खाली सही करतात. सगळं बरोबर असतं. पण कागद पुढे करताना समोरचा माणूस विश्वासाने विचारतो, “मग लावू ना मशीनला? तुम्ही म्हणाल तसं करतो.” बाईंची नजर टेबलावर ठेवलेल्या त्याच्या हातांवर जाते. त्या कागद परत घेतात, थोडं थांबा म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतात.